अडखळणारा स्ट्रायकर

सुतार सरांची तक्रार तशी एवढीशीच होती. रविवारी पाच वाजता खेळ सुरू झाला, की पहिलं मिनिटभर समोरचा स्ट्रायकर अडखळायचा. सरकला, थांबला, पुन्हा सरकला, गुडघे दुखणाऱ्या माणसानं जिना चढावा तसा. मग एकदम सुटायचा आणि पुढचा तासभर कसा झकास पळायचा. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, मिनिटाचंच तर आहे, चालू दे की. पण भालचंद्र सुतार म्हणजे मिरजेच्या हायस्कुलात उभा जन्म पीटी शिकवण्यात घालवलेला माणूस. रांगेत एका पोराचा उजवा पाय आधी पडला तर अख्ख्या वर्गाकडून कवायत पुन्हा करून घेणारा. 'चालू दे' हे शब्द त्यांच्या तोंडी कधी आलेच नाहीत.

समोर खेळायचा तो त्यांचा एकुलता एक ऋतुराज. आता समोर म्हणजे नॉर्वेत, बर्गनला. मिरजेच्या खोलीत सरांच्या पुढ्यातली खुर्ची रिकामीच असायची. पण कॅरमबोर्ड मात्र खराखुरा लाकडी, बोरिक पावडर टाकलेला. त्याच्या पोटात बारीक चुंबकांची जाळी बसवलेली आणि प्रत्येक सोंगटीच्या आत लोखंडाचा कण. तसाच बोर्ड ऋतुराजकडे. त्यानं तिकडं स्ट्रायकर मारला, की इकडच्या बोर्डावर तो आपोआप धावायचा, सोंगट्या तशाच फुटायच्या आणि चौकटीतल्या छोट्या स्पीकरमधून त्याचा आवाज यायचा. पहिल्यांदा हे बघून शेजारच्या इंदूवहिनी "अगंबाई, भूत!" म्हणून दारातूनच परत फिरल्या होत्या.

हा सगळा खेळ चालवणारी पेटी सरांच्याच घरात होती. ऋतुराजनंच बसवून दिलेली. "आपल्या घरचं बोलणं परक्याच्या मशीनवर कशाला, अप्पा? आपणच यजमान व्हायचं," म्हणाला होता. त्याची आई मालन होती तेव्हा. बाप-लेक खेळायचे आणि मालन शेजारी शेंगा सोलत बसून लेकाशी गप्पा मारायची. सर बोलायचे ते एवढंच, "हं," नाहीतर "चल, तुझा स्ट्राईक." फोनवर तर त्याहून कमी. "हं, घे, आईशी बोल." मालन गेल्या वैशाखात गेली आणि फोनवर द्यायला कुणी उरलं नाही. मग फोन बंदच पडले. उरला तो रविवारचा कॅरम आणि त्याआधी येणारा एक मेसेज, "पाच वाजता?" त्यावर सरांचा अंगठा.

पण दिवाळीनंतर नवल घडलं. ऋतुराज बोलायला लागला. पोरगं हसायला लागलं, चिडवायला लागलं. "अप्पा, राणी गेली बघा तुमची! आता रडू नका." आईला सांगायचा तसं ऑफिसातलं, बर्फातलं सांगायला लागला. आणि त्याचं ऐकून सरांच्याही जिभेची गाठ सुटली. काय काय सांगितलं त्यांनी त्या हिवाळ्यात! पोळी गोल होत नाही. तुळस वाळत चाललीय. मालनच्या बाजूला अजून झोपवत नाही.

"तुळशीला दुपारी पाणी घालता ना?" ऋतुराज म्हणाला. "आई सकाळी घालायची. उन्हात घालू नका."

"वैशाखात वर्षश्राद्ध आहे, ऋतू. तू आणि शीबा, दोघं येताय ना?"

"येतो अप्पा. नक्की."

झालं. दुसऱ्याच दिवशी सरांनी रंगाऱ्याला बोलावून लेकाची खोली रंगवून घेतली. कधी कुणाशी चार शब्द न बोलणारा माणूस, भिंतीवरून इंदूवहिनींना स्वतः सांगायला गेला. वहिनी म्हणाल्या, "मग खपलीचे गहू मी कांडून ठेवते. ऋतूला माझ्याच हातची खीर लागते." त्यानंतर दर आठवड्याला त्या विचारायच्या, येतोय ना नक्की, आणि सर म्हणायचे, "नक्की म्हणजे काय, नक्कीच."

आता एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना त्या अडखळण्याच्या वाटेला जायचं काही कारण होतं का? पण स्वभावाला औषध नसतं.

चैत्रातल्या एका रविवारी दुपारी नाझनीन मुजावर आली. शहरातल्या एका फायबरवाल्याकडं ती काम करायची. शाळेत असताना सरांच्या खो-खोच्या संघात होती, तिची मुलगी आता त्याच शाळेत जाते. आल्या आल्या तिनं चप्पल बाहेर काढली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "दाखवा सर, घोडं कुठं पेंड खातंय ते."

तिनं भिंतीवरची इंटरनेटची नवी पेटी बघितली. मग वायर धरून चालत गेली ती फ्रिजपर्यंत. फ्रिजवर, विणलेल्या रुमालावर, इंटरनेटचीच जुनी पेटी बसलेली.

"ही कशाला ठेवलीय?"

"ती मालननं घेतलेली. तिचं नाव आहे वायफायला. दिवाळीत नवी लावणारा पोऱ्या काढ म्हणत होता. मी म्हटलं, हात लावायचा नाही. मग त्यानं नवी भिंतीवर लावली आणि ही तिलाच जोडून ठेवली."

नाझनीननं मान हलवली. "असं बघा सर. राऊटर म्हणजे घराचा वॉचमन. आतून गेलेल्या माणसाला तो परत आत घेतो, पण बाहेरून आपणहून आलेल्याला अडवतो. तुम्ही यजमान, म्हणजे ऋतुराज बाहेरून येणार. म्हणून वॉचमनला सांगून ठेवायला लागतं की अमुक दारावर कॅरमवाला आला तर सोड. ते ऋतुराजनं सांगितलं होतं, पण काकूंच्या पेटीला. आता तिच्याही बाहेर नवा वॉचमन उभा केलाय, त्याला कुणी काही सांगितलंच नाही. तो फाटकावरूनच परत पाठवतोय."

"म्हणून अडखळतो?"

"म्हणून अडखळायला पाहिजे असं नाही," ती जरा घुटमळली. "म्हणून यायलाच नाही पाहिजे."

तिनं आपली स्क्रीन उघडली. मग बोटानं वर सारत गेली, मागं मागं, पार दिवाळीपर्यंत.

"सर, दिवाळीपासून थेट वाटेनं बाहेरून आत काहीच आलेलं नाही."

"काहीतरीच काय? दर रविवारी तासभर खेळतो आम्ही."

"खेळताना आवाज येत नाही का? टिंग करून? आणि कोपऱ्यात करडा ठिपका?"

"तो आवाज मी केव्हाच बंद केलाय. ठिपक्यासकट." सरांचा स्वर थोडा चढला. "बोर्डावर आवाज नको. समोरचा नेम धरत असताना शिंकसुद्धा द्यायची नाही, हे मी ऋतूला सातव्या वर्षी शिकवलंय."

नाझनीन खाली बसली. खुर्चीवर नाही, जमिनीवरच, शाळेत बसायची तशी.

"सर, सांधणी माहिती आहे ना?"

नाव सरांनी ऐकलं होतं. सगळ्याच खेळांत ती असते. लांबच्या लाईनला मधे मधे क्षणभर खंड पडतो. तेवढ्या वेळात चेंडू हवेत थिजू नये, म्हणून मशीन अंदाजानं तो पुढं सरकवतं. पूर्वी हे डोळ्याची पापणी लवेपर्यंतचं काम होतं. मग मशीनं हुशार झाली. समोरचा माणूस कसा खेळतो, कसा बोलतो, कुठल्या गोष्टीला हसतो, हे जुन्या खेळांवरून शिकून ती मिनिट-मिनिट सांधायला लागली. लाईन आली की खरा माणूस परत हजर, मधला सांधा कळतसुद्धा नाही. लोकांना आवडलं ते. कुणाचाही खेळ मोडायचा नाही.

"पण लाईन आलीच नाही तर?" सरांनी विचारलं.

"तर ती सांधतच राहते. टिंग वाजतं, ठिपका दिसतो, माणूस खेळ थांबवतो, असंच धरून चाललेत सगळे. ते बंद करून कुणी तासभर खेळत बसेल असं बनवणाऱ्यालाही वाटलं नसणार." ती बोर्डाकडं बघत म्हणाली. "खेळ सुरू होताना पहिलं मिनिटभर कंपनीची लॉबी, म्हणजे त्यांचं मधलं मशीन, दोघांना धरून ठेवते, मग म्हणते आता तुमची तुम्ही वाट शोधा. ते मिनिट खरं, सर. अडखळणारं. नंतर जो झकास खेळायचा ना, तो ऋतुराज नव्हता."

सर बोर्डावरची पावडर तळव्यानं उगीचच पुसत राहिले.

"आणि तिकडं?" त्यांनी विचारलं. "त्याच्याकडं?"

"त्याच्याकडंही तसंच. त्याच्या मशीननं तुम्हाला बनवलं असणार."

"त्याला टिंग ऐकू आलं असेल."

नाझनीननं त्यांच्याकडं बघितलं. "बोर्डावर आवाज नको, हे तुम्हीच शिकवलंय ना त्याला?"

काम तसं थोड्या वेळाचं होतं. काकूंची पेटी काढून टाकू का, असं ती एकदा म्हणाली आणि सरांचा चेहरा बघून लगेच म्हणाली, "राहू दे, राहू दे. तिच्याकडून वॉचमनकी काढून घेते फक्त. ती नुसतं वायफाय देईल, काकूंच्या नावानं." नव्या पेटीला दार सांगितलं. सांधणी बंद केली. "आता सगळा खेळ अडखळेल, सर. बर्गन लांब आहे, लाईन काही इतकी चांगली नाही. फारच वैताग आला तर हे बटण. सांधणी परत चालू होईल."

पैसे घ्यायला ती तयार नव्हती. दारात चप्पल घालताना म्हणाली, "सर, मी कॉलेजात असताना काकू मला म्हणायच्या, सरांच्या मनात फार असतं गं, फक्त ते तोंडापर्यंत येत नाही." आणि गेली.

पाच वाजले. मेसेज आला, अंगठा गेला. समोरचा स्ट्रायकर हलला, थांबला.

"अप्पा... दिस... तंय का?"

"दिसतंय. तुला ऐकू येतंय?"

मधे कितीतरी वेळ काही नाही. "येतंय. तुमचा ब्रेक."

सरांनी ब्रेक मारला, सोंगट्या फुटल्या. ऋतुराजचा आवाज जड होता. थकलेला. हिवाळाभर राणी गेली म्हणून चिडवणारा हा आवाज नव्हे, हे सरांना आत्ता कळत होतं; आणि तरी, वेडी आशा बघा माणसाची, त्यांनी विचारलंच.

"तिकीट काढलंस का, ऋतू?"

"कसलं... तिकीट?"

"वैशाखातलं. आईच्या वर्षश्राद्धाला."

"तुम्ही बोलावलंत कुठं?" शब्द तुटत तुटत आले. "मी वाट बघत होतो. तुम्ही विषयच काढला नाहीत. मला वाटलं, काही करायचंच नाहीये तुम्हाला."

मग सरांनी सांगितलं. दोन पेट्या, वॉचमन, सांधणी. कवायतीच्या आज्ञा सोडून त्यांना सलग बोलायची सवय नव्हती, त्यात लाईन अर्धे शब्द खात होती. तीनतीनदा सांगावं लागलं. ऋतुराजला मात्र पटकन समजलं, यंत्रातलाच माणूस तो.

"म्हणजे दिवाळीपासून?"

"दिवाळीपासून."

समोरचा स्ट्रायकर तसाच थिजून राहिला.

"मग नाताळाच्या आधी मी सांगितलं ते... ते तुम्हाला कळलंच नाही?"

"काय सांगितलंस?"

"आत्ता बोलताय ते तुम्हीच ना अप्पा?"

"मीच रे. सगळं अडखळतंय ना? अडखळतंय म्हणजे मीच."

मग ऋतुराज म्हणाला, "शीबाला दिवस गेले होते. पाचवा सरला, की सांगणार होतो सगळ्यांना. पाचव्यातच गेलं बाळ. दवाखान्यातून आलो तो रविवार होता. तिला झोपवलं आणि तुमच्याकडं पाच वाजले तसा तुमच्यापुढं बसलो. कुणालाच सांगितलं नव्हतं मी. पहिल्यांदा तुम्हाला सांगितलं."

सरांच्या हातातला स्ट्रायकर बोर्डावर पडला. सुनेला त्यांनी दोनदाच बघितलं होतं. मालन गेली तेव्हा आली होती ती. मराठीचं अक्षर येत नव्हतं, तरी सरांच्या ताटात रोज न बोलता भात वाढायची.

"आणि मी... ते यंत्र, काय म्हणालं तुला?"

"जाऊ दे ना अप्पा."

"काय म्हणालं, ऋतू?"

"हं म्हणालं. जरा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, 'होतं असं. चल, तुझा स्ट्राईक.'"

ते शब्द सरांच्या ओळखीचे होते. ऋतुराजची पहिली नोकरी सुटली तेव्हा याच बोर्डावर, याच खुर्चीतून त्यांनी अगदी हेच म्हटलं होतं. त्या दिवशी मालननं त्यांच्याकडं एकदा बघितलं, शेंगांचं सूप बाजूला ठेवलं आणि फोन घेऊन आत गेली. तासभर आत बोलत होती लेकाशी. यावेळी आत जायला कुणी नव्हतं.

"मी नव्हतो रे तो," सर म्हणाले. "मशीन होतं, बाळा."

"कळलं आता." ऋतुराजचा आवाज फुटला, लाईननं का रडण्यानं कोण जाणे. "पण खरं सांगू? मला एकदाही शंका आली नाही, अप्पा. इतके महिने एकदाही वाटलं नाही, की हे तुम्ही नसाल."

यंत्राला शिव्या द्याव्यात तर त्यानं पदरचं काही घातलं नव्हतं. जे ऐकलं तेच शिकलं. ऋतुराज आईशी कसा बोलायचा ते इकडच्या मशीननं ऐकून ठेवलं होतं, म्हणून सरांच्या वाट्याला हिवाळाभर तो गोड लेक आला. आणि तिकडच्या मशीननं बापाचं ऐकलं होतं. आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?

"मुलगी होती का मुलगा?" सरांनी विचारलं.

"मुलगी."

तोंडावर हात न धरता सर रडायला लागले. मालनला पोचवून आल्यावरसुद्धा असं रडले नव्हते.

"अप्पा? लाईन गेली का?"

"नाही. आहे मी. रडतोय."

सर तसेच बसून राहिले, नाक ओढत, स्ट्रायकरकडं बघत.

"शीबा कशी आहे?"

"बोलत नाही फारसं. तिच्या आईनं ये म्हटलंय त्रिशूरला, जाईल बहुतेक." मग म्हणाला, "ती त्या दिवशी जागी होती, अप्पा. तिनं ऐकलं ते, तुझा स्ट्राईक. मला विचारलं, काय म्हणाले? मी म्हटलं, काळजी घे म्हणाले."

"ऋतू..."

"जातो मी. एकटी आहे ती."

"पुढच्या रविवारी?"

समोरचा स्ट्रायकर जरासा सरकला, थांबला.

"बघू."

"आणि वैशाखात? दोघं या रे. खोली रंगवून घेतलीय मी."

"बघू अप्पा."

स्पीकर बंद झाला. सोंगट्या फुटल्या होत्या तशाच पसरलेल्या. राणी मधोमध, कुणी हातसुद्धा न लावलेली.

नाझनीननं दाखवलेलं बटण सरांच्या हाताशीच होतं. ते दाबलं असतं तर तो दुसरा ऋतुराज लगेच आला असता, हसत, चिडवत. तुळस कशी आहे म्हणाला असता. वैशाखात येतो म्हणाला असता, नक्की म्हणाला असता. सरांना त्याची आठवण आली, खोटं कशाला बोला. हिवाळाभर त्यानंच तर त्यांना जगवलं होतं. हात त्या बटणापर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागं घेतला, सोंगट्या डबीत भरल्या आणि चूळ भरायला मागच्या दारी गेले.

भिंतीपलीकडं इंदूवहिनी खपली कांडत होत्या. सरांना बघून त्यांनी मुसळ थांबवलं, कपाळावरचा घाम पदरानं पुसला.

"झाला का खेळ? काय म्हणतोय ऋतू? येतोय ना नक्की?"

सरांनी भिंतीवर हात टेकवला.

"बघू म्हणालाय," ते म्हणाले.